दुकानांचाही वाटा

‘जपानी हस्तकलांचे जतन’ या रविवारच्या लेखात संग्रहालयांचे कौतुक आहे, दुकानांचा मात्र उल्लेखही नाही, हे खटकले. जपानमधल्या तोत्तोरी शहराचे कान-नाक-घसातज्ज्ञ शोया योशिदा यांनी १९३२ मध्ये तिथे ‘ताकुमी’ हे हस्तकलांचे दुकान काढले. पुढच्याच वर्षी तोक्योच्या गिन्झा भागात त्याच नावाचे दुकान उघडले. तोत्तोरीजवळच्या उशिनोतोच्या कुंभारांकडून त्यांनी अर्ध्या हिरव्या, अर्ध्या काळ्या झिलईच्या ताटल्या करवून घेतल्या आणि रेशमाच्या टाकाऊ, गाठाळ सुतापासून चक्क टाय विणवून घेतले. (शुद्धतावाद्यांनी नाक मुरडले असेलच!) संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात एक ताटली पुरते, रोजच्या वापरातली फुटते आणि कुंभाराला पुन्हा काम मिळते. लेखकाने या दुकानांवरही सविस्तर लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर