बीव्हरचं धरण गळतं, ते गळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला बीव्हरवरचा, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या त्या ओढ्यांवर काटक्या-चिखलाची धरणं बांधणाऱ्या कुरतड्या प्राण्यावरचा, लेख वाचला. विषय चांगला निवडलात. पण सोबतच्या चित्रात बीव्हरच्या तोंडात मासा दाखवलाय, तेवढा काढून टाका. बीव्हर मासे खात नाही. विलो, पॉप्लर, ॲस्पेन अशा झाडांची साल, कोवळ्या डहाळ्या, पाणवनस्पती आणि काठचं गवत एवढ्यावर त्याचं भागतं. मासे खातं ते पाणमांजर. मासेमारी करणाऱ्यांची बीव्हरबद्दल खरी तक्रार वेगळी आहे. त्याच्या धरणांमुळे ट्राउट आणि सॅमन वर चढू शकणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात ऑटर नदीवर २०१५ ते २०२० अशी पाच वर्षं पाहणी झाली, तेव्हा बीव्हरच्या डोहांमध्ये मासे जास्त सापडले. पाणी चढलं की ट्राउट धरणं ओलांडून जातानाही दिसले.

बीव्हर शेपटीने चिखल थापतो, हेही खरं नाही. चिखल तो पुढच्या पंजांत धरून छातीशी कवटाळून आणतो आणि पंजांनी, नाकाडाने दाबून बसवतो. शेपूट पोहताना वळायला, बसल्यावर टेकायला, चरबी साठवायला आणि धोका दिसला की पाण्यावर आपटायला.

असो. या चुका कुणाच्याही हातून होतात. माझी हरकत आहे ती लेखातल्या ‘भक्कम’ आणि ‘थेंबभरही पाणी न सोडणारी’ या विशेषणांना. माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, मातीच्या धरणांवर गेली. गाभ्यात चिकणमाती, थराथराने पाणी मारून रोलरची दाबाई, खालच्या अंगाला वाळूची गाळणी, पायथ्याशी निचऱ्याचे चर. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच की पाणी आपण सांगू तिथूनच जावं. पायथ्याला भलतीकडे ओल दिसली की वरिष्ठांपासून मुकादमापर्यंत सगळे तिथे गोळा. अशा माणसाला बीव्हरचं धरण पहिल्यांदा दिसतं, तेव्हा तो कपाळाला हात लावतो. ते सगळीकडून गळत असतं. आणि लेखातून नेमकं हेच राहून गेलंय, कारण त्याचा निम्मा उपयोग त्या गळण्यातच आहे.

माझी मुलगी डेव्हनमध्ये असते, म्हणून हे जवळून पाहता आलं. ऑटर नदीच्या मुख्य पात्रात बीव्हर सहसा धरण बांधतच नाहीत. तिथे पाणी मुळातच खोल असतं आणि त्यांना हवी असते ती खोलीच. घराचं तोंड पाण्याखाली राहिलं पाहिजे, म्हणजे शत्रू आत शिरत नाही. गोठवणाऱ्या मुलखात हिवाळ्यासाठी तळाशी रोवून ठेवलेल्या फांद्यांपर्यंत बर्फाखालून पोचता आलं पाहिजे. जिथे हे आयतं मिळतं तिथे तो कष्ट घेत नाही. बांधकाम चालतं ते उथळ ओढ्यांवर.

तसल्या एका ओढ्यावर जमीनमालकाने आम्हाला नेलं. धरण कमरेइतकं उंच. वरच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, चिखल, पाला आणि मुठीएवढे दगड दाबून बसवलेले. चिखल ताजा होता आणि त्यात पंजाची बोटं उमटलेली होती. खालची बाजू मात्र विस्कटलेल्या मोळीसारखी. एकेक काटकी हातात घेतली की टोकाला दातांच्या पन्हळी दिसायच्या, साल सोलून खाल्लेली, आतलं लाकूड पांढरं. (त्याचे दात नारिंगी असतात. वरच्या थरात लोह असतं म्हणून. झिजतात तसे वाढतही राहतात.) सांडवा शोधू गेलो तर तो कुठेच नव्हता. पाणी इथून थेंबथेंब, तिथून धार, दोन्ही टोकांना वळसा घालून अल्डरच्या मुळ्यांमधून, आणि एका बाजूने तर गवतातून नवीनच वाट काढून चाललेलं. धरणापासून बरंच लांब, चढावर, बूट रुतत होता. तिथे पूर्वी कोरडं कुरण होतं, असं मालक म्हणाला. आणि धरणाखाली ओढा वाहतच होता.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पाणथळी बुजवून, पात्र सरळ करून, काठची झाडं तोडून ओढ्याला मोकळं सोडलं की तो तळ खरवडत खाली जातो. पात्र खोल चिरलं की आजूबाजूचं भूजल त्याच्याकडे उतरतं आणि काठची जमीन सुकते. पूर आला तरी पाणी पसरत नाही, खोल चरातून सुसाट निघून जातं आणि आणखी खरवडतं. बीव्हरचं धरण या सगळ्याच्या आड येतं. पाणी थांबतं, गाळ बसतो, तळ उचलला जातो, पाणी काठावर चढतं आणि जमिनीत मुरतं. मुरलेलं पाणी पुढे खालच्या अंगाला गार होऊन सावकाश ओढ्यात परततं. धरण घट्ट असतं तर वरती एक तळं झालं असतं आणि खाली कोरडं पात्र. गळतं म्हणून वरती पाणथळ आणि खालीही वाहतं पाणी, दोन्ही मिळतं.

डेव्हनमध्येच कुंपण घातलेल्या एका छोट्या जागेत २०११ साली बीव्हरची एक जोडी सोडली होती. एक्सेटर विद्यापीठाने तिथली मोजमापं ठेवली. काही वर्षांत दोनशे मीटरच्या आत तेरा डोह झाले, त्यात सुमारे दहा लाख लिटर पाणी. डोहांत साठलेला गाळ मोजला तर शंभर टनांहून जास्त भरला, आणि त्यातला सुमारे ७० टक्के वरच्या शेतजमिनीची धुपून आलेली माती होती. गाळाबरोबर नत्र आणि स्फुरदही अडलं. पावसाच्या वेळी खाली पोचणारं पुराचं शिखर, म्हणजे पाण्याचा सर्वांत मोठा लोंढा, सरासरी ३० टक्क्यांनी उतरलं. लेखात ‘पूर थांबतात’ असं लिहिलंय. थांबत नाहीत. तेवढंच पाणी उशिरा आणि पसरून येतं. ईस्ट बडली नावाचं गाव पुराने बेजार असायचं, त्याच्या वरच्या ओढ्यावर बीव्हरांनी आपण होऊन धरणांची मालिका बांधली आणि तिथेही शिखर खाली आलं. गावाच्या दृष्टीने तेवढंच पुरेसं असतं, कारण घरात पाणी शिरतं ते शिखराच्या वेळीच.

उलट बाजू दुष्काळाची. कॅनडात आल्बर्टा प्रांतातल्या एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यानात हूड आणि बेली या संशोधकांनी १९४८ ते २००२ अशा ५४ वर्षांची हवाई छायाचित्रं तपासली. पाणथळींत उघडं पाणी किती आहे, याचा हिशोब पाऊस किंवा तापमानापेक्षा बीव्हर आहेत की नाहीत यावरून जास्त नीट लागला. २००२ सालचा दुष्काळ भयंकर होता. तरी त्या पाणथळींत, बीव्हर नव्हते तेव्हाच्या आधीच्या दुष्काळाच्या मानाने, साठ टक्के जास्त उघडं पाणी होतं. अमेरिकेत एमिली फेअरफॅक्स आणि अँड्र्यू व्हिटल यांनी पश्चिमेकडच्या पाच मोठ्या वणव्यांची उपग्रह-छायाचित्रं २०२० मध्ये अभ्यासली. जिथे बीव्हरची धरणं नव्हती तिथल्या काठांची हिरवाई, धरणं असलेल्या काठांच्या साधारण तिप्पट घटली होती. यात जादू काही नाही. ओली जमीन पेटत नाही.

हा प्राणी नाहीसा झाला तो टोप्यांपायी. त्याच्या अंगालगतच्या मऊ केसांचा नमदा, म्हणजे टोप्यांसाठीचं दाबून केलेलं जाड कापड, फार उत्तम होतो. हडसन्स बे कंपनी १६७० साली स्थापन झाली ती या व्यापारासाठीच. युरोपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम बाराशे उरले होते, आज दहा लाखांच्या वर आहेत. मला यात बोचतं ते असं की पुढे आलेल्या सर्वेक्षकांनी आणि आमच्यासारख्या इंजिनिअरांनी ज्या नद्या मापून ‘नैसर्गिक पात्र’ म्हणून नकाशावर चढवल्या, त्यांतल्या कित्येकांमधून बीव्हर आधीच संपले होते. वळणदार, एकेरी, स्वच्छ काठांची नदी हीच खरी नदी, हे पाठ्यपुस्तकी चित्र तिथून आलंय. बीव्हर असताना ती अनेक धारांची, चिखलाची, मेलेल्या झाडांची असायची. दिसायला अव्यवस्थित. नदी सुधारायची म्हणजे तिला पुन्हा तसं व्हायची मुभा द्यायची, हे आमच्या पिढीच्या सहज गळी उतरत नाही.

माणसाने नक्कल करून पाहिली आहे. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात ब्रिज क्रीक नावाचा खोल चिरलेला ओढा आहे. बीव्हर तिथे होते, पण त्यांची धरणं अरुंद चरातल्या जोरदार पाण्यात टिकत नव्हती. तेव्हा २००९ पासून पात्रात लाकडी खुंट ठोकले, काहींत विलोच्या फांद्या विणल्या आणि बाकीचं बीव्हरांवर सोडलं. त्यांनी ते आधार वापरून भर घातली, धरणांची संख्या पुष्कळ वाढली, भूजल वर आलं आणि स्टीलहेड माशांची पिल्लं जास्त जगू लागली. खर्च खुंटांचा आणि ते ठोकणाऱ्या यंत्राचा.

चेक प्रजासत्ताकातली गंमत तर माझ्यासारख्याने फ्रेम करून लावावी. ब्रडी संरक्षित प्रदेशात पूर्वी लष्कराने काढलेले चर बुजवून पाणथळ परत आणायची योजना २०१८ पासून कागदावर होती. जमिनीची मालकी, परवानग्या, वाटाघाटी यांत ती अडकली. २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की बीव्हरांनी जवळपास हव्या त्याच जागी धरणं बांधून टाकलीत. तीन कोटी चेक क्राउन वाचले. अंदाजपत्रक नाही, निविदा नाही, मोजमाप पुस्तिकेवर सही नाही. आमच्या एका साहेबांना हे वाचून दाखवायला हवं होतं.

आता शेतकऱ्याची बाजू, जी लेखात एका वाक्यात उरकली आहे. सपाट, निचरा करून लागवडीखाली आणलेल्या जमिनीत बीव्हर आला तर पीक बुडतं, बांध पोखरला जातो, बागेतली झाडं पडतात. स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या खोऱ्यात हा वाद तापलेला आहे. २०१९ पासून तिथे बीव्हरला कायद्याचं संरक्षण आहे, तरी मारण्याचे परवानेही दिले गेले. बव्हेरियाने १९६६ पासून बीव्हर परत आणले आणि कालांतराने नुकसानभरपाईचा निधी आणि गावोगाव सल्ला देणारे स्वयंसेवक अशी व्यवस्था बसवली. शेतकऱ्याने फोन केला की कुणीतरी येऊन पाहतं. संरक्षणाचा कायदा करायचा आणि बुडालेल्या शेताकडे कुणी फिरकायचं नाही, असं असेल तर शेतकऱ्याने बीव्हरवर राग धरला तर नवल नाही.

यावरचा एक साधा उपाय लेखात यायला हवा होता. धरण फोडून उपयोग होत नाही, एकदोन रात्रींत ते पुन्हा उभं राहतं. स्वीडनचे लार्स विल्सन यांनी पाळलेल्या बीव्हरांना वाहत्या पाण्याचा आवाज ध्वनिवर्धकावरून ऐकवला, तर ते त्या ध्वनिवर्धकावरच काटक्या रचू लागले. आवाज आला की भेग बुजवायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. म्हणून धरणातून एक मोठा प्लॅस्टिकचा पाइप आरपार घालतात आणि त्याचं वरचं तोंड धरणापासून काही मीटर लांब, डोहात बुडवून, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. पाणी आत ओढलं जातं ते बीव्हरला धरणापाशी ऐकू येत नाही, पंजाला लागत नाही. पाइपचा सर्वांत उंच भाग ज्या पातळीला ठेवाल तिथे डोह थांबतो. शेत कोरडं, डोह शाबूत, बीव्हर जागच्या जागी. वर्षातून एखाददोनदा पिंजऱ्यावरचा पाला काढावा लागतो.

लेखाच्या शेवटी ‘जिथे जिथे नद्या आटल्या तिथे तिथे बीव्हर नेऊन सोडावेत’ अशी सूचना आहे. ती मात्र कृपा करून मागे घ्या. १९४६ साली अर्जेंटिनाने फरच्या धंद्यासाठी कॅनडातून वीस बीव्हर आणून तिएरा देल फ्वेगो बेटावर सोडले. धंदा उभा राहिला नाही. बीव्हर लाखाच्या घरात गेले, चिलीत शिरले, सामुद्रधुनी ओलांडून मुख्य भूमीवर पोचले. उत्तरेतला विलो कापला तरी बुंध्यातून फुटतो, कारण तो बीव्हरच्या सोबतीने वाढत आलाय. दक्षिणेतलं लेंगा नावाचं झाड कापलं किंवा बुडालं की गेलं. मैलोगणती ओढ्यांच्या काठी तिथे वाळलेली खोडं उभी आहेत. २००८ मध्ये दोन्ही देशांनी त्यांचं निर्मूलन करायचा करार केला, पण ते अजून झालेलं नाही. मूळच्या मुलखातही सगळं सरळ नाही. अलास्कात बीव्हर आता टुंड्रात सरकलेत आणि त्यांच्या डोहांखाली कायम गोठलेली जमीन वितळू लागलीय.

बीव्हर सोडायचे ते त्यांच्याच जुन्या नद्यांवर, काठाला थोडी जमीन मोकळी ठेवून. इंग्लंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये परवान्याने मोकळ्या रानात सोडायला मान्यता दिली आणि मार्चमध्ये डॉर्सेटमधल्या पर्बेक इथे पहिली सोडणी झाली. पुढच्या रविवारी जागा असेल तर पाइप आणि पिंजऱ्याची रेखाकृती छापावी. मापांसह काढून सोबत जोडली आहे.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता, पाटबंधारे