ऐक्याची हाक ठीक, पण बाप्तिस्म्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सीएनआय) एका पाळकसाहेबांचा लेख वाचला. मंडळ्यांनी (म्हणजे चर्चनी) तंटे मिटवून एक व्हावे आणि शास्त्राच्या शिक्षणाशी एकनिष्ठ राहावे, या त्यांच्या म्हणण्याला कोण नाही म्हणेल? पण कोणत्या शिक्षणाशी, हे लेख संपेपर्यंत कळले नाही. सिद्धांताचे नाव घ्यायचे आणि एकाही सिद्धांताला हात लावायचा नाही, ही आपल्या व्यासपीठावरची जुनी सवय आहे.

ज्यांनी ही मंडळी उभी केली त्यांनी असे केले नव्हते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन सीएनआय झाली, त्यामागे 1929 पासूनची बोलणी होती. इतकी वर्षे लागली कारण प्रश्न खरे होते. बिशप (पाळकांवरचा धर्माधिकारी) हवा की नको? अँग्लिकनांना (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांना) त्याच्यावाचून मंडळी अपुरी वाटे, तर आमच्या नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत बिशप कधी नव्हताच. त्याहून अवघड होता बाप्तिस्मा. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स म्हणत, ज्याने स्वतः विश्वास कबूल केला त्यालाच पाण्यात न्यावे. यातले एक बरोबर आणि दुसरे चूक असे न ठरवता दोन्ही रीती मान्य झाल्या. आईवडील बाळाचा बाप्तिस्मा करू शकतात, किंवा बाळाचे देवाला समर्पण करून मूल मोठे होईपर्यंत थांबू शकतात. एखाद्या पाळकाचे मन बालबाप्तिस्म्याला तयार नसेल, तर त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावे, अशीही सोय ठेवली. कोणाला हा निव्वळ तडजोडीचा मामला वाटेल. मला वाटत नाही. आपला मतभेद कागदावर मांडून, तो ओळखून, एकाच मेजाभोवती प्रभुभोजन घ्यायला धैर्य लागते.

हे ऐक्यही पूर्ण नव्हते. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ही दुसरी मेथडिस्ट मंडळी वाटाघाटीत शेवटपर्यंत होती आणि 1970 मध्येच ऐन वेळी बाहेर राहिली. (तरी आजही त्यांची नि आमची मराठी उपासना एकाच ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून होते, आणि ना. वा. टिळकांची भजने म्हणताना कोण कुठल्या मंडळीचा हे कोणी विचारत नाही.) गुजरातेतल्या ब्रदरन मंडळींपैकी काहीजण पुढे वेगळे झाले. त्यांच्या मालमत्तेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2013 मध्ये निकाल सीएनआयच्या विरुद्ध लागला. विलीनीकरणाचे ठराव झाले, पण ब्रदरनांची संस्था कायद्याप्रमाणे विसर्जित झालीच नव्हती, म्हणून तिच्या मिळकती आपोआप सीएनआयकडे येत नाहीत, असा त्याचा आशय. पाळकसाहेबांनी ऐक्याची बाजू मांडताना हे पान उलटले असते तर बरे झाले असते.

कारण आजची भांडणे पाहा. मंडळीतली दोन टोळकी एकमेकांशी बोलेनाशी होतात ती त्रैक्यावरून किंवा कृपेच्या शिकवणीवरून नाही. ती जमिनीवरून, गाळ्यांच्या भाड्यावरून, कमिटीच्या निवडणुकीवरून आणि शाळेतल्या नेमणुकांवरून. मग दोन्ही बाजू एकमेकांना ‘पाखंडी’ म्हणतात, ते फक्त बोलायला सोपे म्हणून. अशा वेळी व्यासपीठावरून एकीचा उपदेश केला की ज्याच्या हाती हिशेबाची वही आहे त्याचे फावते. प्रश्न विचारणारा आपोआप फूट पाडणारा ठरतो.

खरा धर्मसिद्धांताचा प्रश्न मात्र दाराशी उभा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. आमची तरुण मुले संध्याकाळच्या पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पंथांच्या) सभांना जातात. तिथे त्यांना सांगितले जाते की लहानपणी झाला तो बाप्तिस्मा नव्हेच, आणि ती पुन्हा पाण्यात उतरतात. दुसऱ्या रविवारी तीच मुले आमच्या बाकावर येऊन बसतात. पाळक ओळखूनही न पाहिल्यासारखे करतात, कारण ओरडले तर मुले जातील आणि गप्प बसले तर वडीलधारी मंडळी रागावतील. दृढीकरणाच्या (बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात मुलांना प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली जातात, पण ‘माझ्या बाळपणच्या बाप्तिस्म्याला अर्थ काय?’ असे विचारले की पुढचा प्रश्न घ्या! या मुलांना दोष देण्यात काही अर्थ नाही. नागपूरला दोन्ही रीती मान्य करणाऱ्यांनी त्यामागची कारणे दिली होती. ती आम्ही घरी सांगितली नाहीत आणि उपासनेतही नाही.

पाळकसाहेबांना आपल्या पत्रामार्फत एवढेच विचारतो: दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेऊन आलेल्या मुलाला प्रभुभोजनाला बसू द्यायचे की नाही? त्यांचे उत्तर काहीही असो, पुढच्या लेखात ते शास्त्राधारासह आणि मंडळीच्या घटनेच्या आधारे लिहावे. म्हणजे आम्हाला त्यांच्याशी सहमत व्हायचे की वाद घालायचा, हे तरी ठरवता येईल.

कळावे,
सीएनआयचा एक जुना सभासद, अहिल्यानगर