सूचना : व्याख्यानमालेच्या थेट प्रक्षेपणाची पूर्वतयारी

सर्व सभासदांना नमस्कार.

यंदाची व्याख्याने यूट्यूबवर थेट दाखवण्यासाठी आपण ओबीएस स्टुडिओ हे प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर वापरणार आहोत. ते पूर्णपणे मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. ज्यांनी लॅपटॉपची जबाबदारी घेतली आहे त्यांनी ते अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे.

यूट्यूब खात्यावर लाइव्हची सोय आजच सुरू करा. पहिल्यांदा ती मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे कार्यक्रमाच्या सकाळी धावपळ करून उपयोग नाही. स्ट्रीम की (ओबीएसला आपल्या यूट्यूब वाहिनीशी जोडणारा गुप्त संकेत) मात्र या ग्रुपवर टाकू नका. ती ज्याच्या हाती लागेल तो आपल्या वाहिनीवर काहीही दाखवू शकतो.

ओबीएसच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ७२० पी, सेकंदाला ३० फ्रेम, बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) ३००० ते ४००० केबीपीएस आणि कीफ्रेम इंटरव्हल (दोन पूर्ण चित्रचौकटींमधले अंतर) २ सेकंद ठेवा. इंटरनेटचा अपलोड वेग बिटरेटच्या दीडपट तरी हवा. वायफायपेक्षा केबल जोडलेली बरी.

आवाजाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक ऐकत राहतात, आवाज फाटला की उठून जातात. गेल्या वर्षी लॅपटॉपचाच माइक चालू राहिला आणि घरी बसलेल्या ज्येष्ठ सभासदांना तासभर पंख्याची घरघर ऐकावी लागली. तसे पुन्हा होऊ द्यायचे नाही. वक्ता बोलताना ओबीएसमधील ऑडिओ मिक्सरची (आवाजाची पातळी दाखवणारी) पट्टी पिवळ्या भागात राहावी, लाल भागात जाऊ नये.

प्रक्षेपणाबरोबर रेकॉर्डिंगही सुरू करा, एमकेव्ही या फाइल स्वरूपात. मध्येच वीज गेली तरी तोवरचा भाग वाचतो.

शनिवारी संध्याकाळी ६ वाजता सभागृहात चाचणी आहे. येताना चार्जर आणि हेडफोन आणावेत.

— कार्यवाह