काचेला शेक देणाऱ्या आजींना

आजी,

साष्टांग नमस्कार.

आठवडा झाला, तरी माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेला तुमच्या चुलीचा वास येतोय. लेक म्हणते, बॅग धुऊ नकोस. म्हटलं, वास जायच्या आत पत्र लिहून टाकावं. नातू वाचून दाखवेलच. मधली चार वाक्यं त्याने गाळली तरी चालेल, ती दुसऱ्यांसाठी आहेत.

ती आधीच उरकते. 14 डिसेंबरच्या रात्री आम्ही मायलेकी तुमच्या दारात आलो, त्याच्या आधी तीन तास तलावाकाठी एका तंबूवाल्याकडे होतो. पैसे आगाऊ भरले होते. जाहिरातीत चांदण्यांखालची रात्र होती, प्रत्यक्षात चार हॅलोजन, दोन स्पीकर आणि एक दुर्बीण. दुर्बिणीचं झाकण काही निघालं नाही. आमच्या बाजूचा एक दिवा अर्धा तास बंद करा म्हणून मी तीनदा विनवलं. शेवटी उत्तर आलं, "मॅडम, तारे काय, रोजच असतात."

असतात हो. पण मिथुन राशीतून सुटल्यासारख्या दिसणाऱ्या त्या उल्का वर्षातून एकदाच भरात येतात. गेल्या वर्षी चंद्राने घोटाळा केला होता. यंदा 2023 मध्ये अमावास्या नुकतीच सरलेली, चंद्राची कोर संध्याकाळीच मावळलेली आणि उल्कांचा बहर नेमका आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतर. सातवीतल्या पोरीने जूनपासून कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करून ठेवला होता. गाडीत बसल्यावर ती रडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प बसली.

रतनवाडीच्या रस्त्याला तुमच्या घराचा दिवा दिसला म्हणून थांबले. दारात मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारची रांगोळी होती. शेताच्या बांधावर दोन-तीन तास उभं राहू का, एवढंच मी विचारलं. तुम्ही आधी पोरीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "रानात कशाला मरायला? बिबट्या फिरतोय. आमच्या खळ्यात थांबा की." कोण, कुठल्या, नवरा कुठंय, यातलं काहीच विचारलं नाहीत. भात झोडून झालेलं, शेणाने सारवलेलं खळं. तिपाईला याहून सपाट जागा मला आजवर मिळालेली नाही.

तुम्ही पहिल्यांदा बाहेर आलात तेव्हा हातात ती मोठी बॅटरी होती आणि उजेड थेट आमच्या तोंडावर. माझी लेक ओरडली, "आजी, बॅटरी नको ना! डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्या अंगणात उभं राहायचं त्यांनाच दटावायचं! तुम्ही मात्र "हां, हां, बंद केली बघ" म्हणालात, आत गेलात आणि ओट्यावरचा दिवाही विझवलात. त्याबरोबर मृग नक्षत्र कौलांवर असं उतरलं की पोरगी मटकन खाली बसली. तुम्ही म्हणालात, "तिकांडं पार वर आलं. मध्यान्रात झाली." मी मृगातल्या त्या तीन ताऱ्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. साडेबारा.

पोरीने तुम्हाला उल्का समजावून सांगितल्या. फेथन नावाचा एक लघुग्रह, 1983 मध्ये सापडलेला, सूर्याच्या फार जवळून जातो आणि मागे कचरा सांडत जातो. त्या कचऱ्यातून पृथ्वी डिसेंबरात जाते आणि वाळूएवढाले कण सेकंदाला 35 किलोमीटर वेगाने येऊन वर हवेतच पेटतात. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "आम्ही आपलं तारा तुटला म्हणतो. पण इतकं तुटून वर कमी तर दिसंनात." तिला ते इतकं आवडलं की शाळेतल्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर तिने तेच लिहिलंय.

आता शेकाचं. तलावावरून गारवा आला आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर दव धरायला लागलं. पुसलं की पाच मिनिटांत पुन्हा. पुसताना कॅमेरा हलतो, चित्राचा मेळ जातो. यासाठी विजेवर गरम होणारा पट्टा मिळतो, तो मी घेतला नव्हता. दुकानदाराने "आपल्याकडे कुठं एवढी थंडी" म्हटलं आणि मीही पैसे वाचवले. तुम्ही ओट्यावरून माझी ती तारांबळ बघत होतात. "काचंला गारठा धरतोय व्हय? मग शेक दे की तिला."

आणि चूल पेटवलीत. रात्रीचे पाऊण वाजले होते. जाडं मीठ तव्यावर भाजून मोज्यात भरलंत आणि तो गरम मोजा भिंगाभोवती परकराच्या नाडीने बांधलात. (फोटोवाल्यांनो, भिंगाशेजारी मीठ म्हटल्यावर तुमच्या अंगावर काटा आला असेल. माझ्याही आला होता. भिंग शाबूत आहे.) काच भोवतालच्या हवेपेक्षा थोडी उबदार राहिली की दव धरत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तुम्हाला ते गुडघ्यांमुळे ठाऊक होतं.

तुम्ही आणखी तीनदा आलात, मोजा निवला की नेऊन पुन्हा तापवायला. आणि तीनही वेळा बॅटरीशिवाय आलात, आजी. मला हेच सांगायचंय म्हणून हे पत्र. मी ना सांगितलं होतं, ना सुचवलं होतं. आधी बांगड्या वाजायच्या, मग खोकला, मग भिंतीवरून सरकणारा तळहात, आणि बऱ्याच वेळाने तुम्ही. ओट्याच्या दोन पायऱ्यांवर दर वेळी थांबत होतात. मी हात द्यायला आले तर म्हणालात, "तुझं बघ तू. पोरीनं सांगितलंय ना, उजेड नको." बारा वर्षांच्या पोरीचं बोलणं, तेही आगाऊपणाने बोललेलं, तुम्ही रात्रभर पाळलंत.

सकाळी उजेडात तुम्हाला चालताना पाहिलं आणि त्या दोन पायऱ्यांचा अर्थ कळला. नातवाने सांगितलं, मोजा आजीच्या गुडघ्याचा आहे, रोज रात्री शेकल्याशिवाय तिला झोप लागत नाही. मी काय बोलणार? चहा पीत बसले. आम्ही शहरात माणुसकीवर फार बोलतो, शाळेत तिचा तासही ठेवतो. त्या तासाला मुलांना काय सांगत असतील कोण जाणे. तुमच्याकडे त्या रात्री तशी काही चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. सकाळी पाकीट काढलं तर तुम्ही "ठेव आत" म्हणालात आणि वर पसाभर इंद्रायणी तांदूळ पदरात घातलेत.

पोरगी 87 उल्का मोजून झोपी गेली. कॅमेऱ्याने जवळपास 700 फोटो काढले, त्यातल्या 19 फोटोंत उल्का सापडली. सगळ्यात मोठी, हिरवट, व्याधाच्या ताऱ्याखालून तुमच्या कौलांमागे गेली. तो फोटो मोठा करून घेतलाय. त्यात ओट्याच्या कोपऱ्यात एक काळी आकृती आहे, हातात काहीतरी धरलेली. लोक विचारतात, पुसून टाकायचं राहिलं का? मी राहिलं म्हणते.

एक चूक मात्र झाली. आवरताना मोजा माझ्या बॅगेत आला, मिठासकट. गेला आठवडाभर तुम्ही कशाने शेकताय, या विचाराने मला कसंतरी होतंय. पुढची अमावास्या 11 जानेवारीला, तीही गुरुवारीच आहे. त्या दिवशी दुपारीच येते. फोटो, मोजा आणि रबराची गरम पाण्याची पिशवी घेऊन. पिशवी नको म्हणाल, माहीत आहे. खळ्यात तेवढी जागा ठेवा.

तुमची,
कॅमेरावाली आणि तिची आगाऊ लेक