उन्हाळी लागली म्हणून क्रॅनबेरी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत उन्हाळ्यातील तक्रारींवर आलेल्या टिपणात ‘उन्हाळी लागल्यास क्रॅनबेरीच्या गोळ्या घ्याव्यात, फळापासून केलेल्या असल्याने अपाय नाही’ असे एक वाक्य होते. नागपुरातील एका रुग्णालयाच्या औषध विभागात एकतीस वर्षे काम करून मी निवृत्त झाले आहे. त्या एका वाक्यासाठी एवढे लांब पत्र लिहिण्याचे कारण असे की, पुरवणी प्रसिद्ध झाल्यापासून चार दिवसांत प्रतापनगरातील माझ्या ओळखीच्या तीन घरी त्या गोळ्या आल्या, आणि त्यांपैकी एका घरी तर त्या मुळीच यायला नको होत्या.

पहिला घोटाळा ‘उन्हाळी’ या शब्दापाशीच होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास फिरत असतो, अंगातले पाणी घामावाटे निघून जाते, लघवी कमी आणि गडद पिवळी होते आणि ती करताना जळजळते. त्यात जंतूंचा संबंध असतोच असे नाही. दिवसभर पुरेसे पाणी, ताक, धणे-जिऱ्याचे पाणी किंवा सब्जा पोटात गेला की बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग मात्र वेगळा. त्यात घटकेघटकेला लघवीची घाई होते, गेल्यावर चार थेंबच होतात, ओटीपोटात दुखते, लघवी गढूळ होते, कधी तीत रक्त दिसते. थंडी वाजून ताप आला, उलट्या झाल्या किंवा कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असण्याची शक्यता असते आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते. आपल्या बोलीत या सगळ्यालाच ‘उन्हाळी’ म्हणतात, आणि क्रॅनबेरी यांपैकी कशावरचाच उपचार नाही. पहिल्या त्रासाला पाणी लागते, दुसऱ्याला लघवीची तपासणी आणि डॉक्टरांनी ठरवलेले प्रतिजैविक. गर्भवती, लहान मुले, पुरुष आणि मधुमेही यांनी तर जळजळ सुरू झाल्यावर घरगुती प्रयोगांत दिवस घालवूच नयेत.

मग क्रॅनबेरीची जागा कुठे? ज्या स्त्रियांना हा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, म्हणजे साधारणपणे सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा, त्यांच्या बाबतीत पुढची खेप टळावी म्हणून, आणि तेवढ्यापुरतीच. या संसर्गाला बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू कारणीभूत असतो. कुसळ कपड्याला चिकटावे तसा तो आपल्या सूक्ष्म तंतूंनी मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटतो आणि लघवीच्या धारेबरोबर वाहून जात नाही. क्रॅनबेरीतील ‘ए’ प्रकारची प्रोअँथोसायनिडिन्स नावाची द्रव्ये (औषधांच्या व्यवहारात त्यांना ‘पॅक’ म्हणतात) हे चिकटणे अवघड करतात. ती जीवाणूला मारत नाहीत. त्यामुळे जीवाणू एकदा ठाण मांडून बसला की या गोळीला फारसे काम उरत नाही. क्रॅनबेरीने लघवी आम्ल होते आणि म्हणून गुण येतो, हा जुना समजही आता मागे पडला आहे.

याचा उपयोग होतो की नाही यावर वैद्यक जगतात बरीच वर्षे वाद होता. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेऊन फारसा फायदा दिसत नाही असा निष्कर्ष काढला होता. त्याच संस्थेने २०२३ मध्ये ५० चाचण्या आणि जवळपास नऊ हजार सहभागी विचारात घेऊन नवा आढावा प्रसिद्ध केला. त्यात वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका सुमारे २६ टक्क्यांनी घटलेला आढळला, आणि मुलांमध्ये त्याहून अधिक. वृद्धाश्रमांसारख्या संस्थांत राहणाऱ्या वयस्कर व्यक्ती, गर्भवती स्त्रिया आणि मूत्राशय पूर्ण रिकामा न होणारे रुग्ण यांना मात्र फायदा झाल्याचे दिसले नाही. अमेरिकेत वृद्ध-शुश्रूषागृहांतील १८५ स्त्रियांना वर्षभर रोज ७२ मिलिग्रॅम पॅक देऊन केलेल्या चाचणीतही (ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली) गोळी आणि निव्वळ दिखाऊ गोळी यांत फरक पडला नव्हता. अर्थात, पस्तिशीतल्या सुनेला जिचा गुण आला ती गोळी पंच्याऐंशीच्या सासूबाईंनाही लागू पडेल असे समजण्याला आधार नाही. आणि २६ टक्के घट याचा अर्थ उरलेला धोका तसाच राहतो, हेही डबी घेताना ध्यानात असावे.

आता डबीकडे येते, कारण खरी फसगत तिथेच होते. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ‘क्रॅनबेरी ५०० मिलिग्रॅम’ छापलेले असते. कुठे ‘१२,५०० मिलिग्रॅम ताज्या फळांइतके’ असेही. हे आकडे अर्काचे किंवा फळाचे वजन सांगतात, कामाचे द्रव्य किती ते सांगत नाहीत. पाहायचा आकडा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो: पॅक किती मिलिग्रॅम. अनेक अभ्यासांत दिवसाला ३६ मिलिग्रॅम पॅक ही मात्रा वापरलेली आहे. अर्क ५०० मिलिग्रॅम आणि त्यात पॅक ७.२ टक्के असेल तर बरोबर ३६ मिलिग्रॅम होतात. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत पॅक ५ टक्के असेल तर १० मिलिग्रॅमच मिळतात आणि दिवसाला तीन-चार गोळ्यांचा खर्च अंगावर येतो. पॅकचा उल्लेखच नसेल, तर ती डबी कितीही महाग असली तरी खाली ठेवावी असे मी म्हणेन. त्यातही हा आकडा कोणत्या पद्धतीने मोजला याला महत्त्व आहे. ‘डीएमएसी’ ही मोजणीची पद्धत लेबलवर लिहिलेली असेल तर भरवसा ठेवायला जागा असते, कारण इतर काही पद्धतींनी त्याच भुकटीचा आकडा फुगून दिसतो. शेंगदाण्याच्या सालीचा किंवा द्राक्षबियांचा स्वस्त अर्क मिसळून आकडा भरून काढण्याचे प्रकारही परदेशांत उघडकीस आलेले आहेत. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

अर्काऐवजी अख्ख्या फळाची भुकटी असलेल्या गोळ्याही मिळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये अशा भुकटीच्या रोज ५०० मिलिग्रॅम मात्रेबाबत, पूर्वी हा संसर्ग होऊन गेलेल्या निरोगी स्त्रियांपुरता, पुन्हा संसर्गाचा धोका कमी होऊ शकतो असा दावा छापण्यास हरकत घेणार नाही असे कळवले. मात्र पुरावा ‘मर्यादित’ आहे हे त्याच वाक्यात छापण्याची अट घातली. ही अट जाहिरातींत पोहोचताना कुठे गळते, कोण जाणे.

आपल्याकडे ही गोळी औषध म्हणून विकली जात नाही, हे औषधाच्या दुकानात उभे राहून कुणाला सहसा कळत नाही. ती अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या आरोग्यपूरक पदार्थांविषयीच्या नियमांखाली येते. डबीवर प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असावा लागतो आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना छापावी लागते. दुकानदार ‘हे औषध घ्या’ म्हणून हातात देतो आणि डबी स्वतः ‘मी औषध नाही’ म्हणते, असा हा मामला आहे.

सुकामेव्याच्या दुकानांतील लाल, गोड क्रॅनबेरी हा पर्याय मला अनेकजणी विचारतात. हे फळ मुळात अतिशय आंबट-तुरट असल्याने सुकवताना त्यात साखर मुरवलेली असते आणि त्या दाण्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच भरते. डब्यातल्या सरबतांचीही तीच गत. मधुमेह असलेल्या बाईने संसर्ग टाळण्यासाठी असे सरबत रोज पिणे म्हणजे रोगाला आवतण देणे होय. ‘आपले करवंद तेच ना?’ असेही विचारले जाते. करवंद रानमेवा म्हणून उत्तमच आहे, पण ते वेगळ्या कुळातले झाड आहे. क्रॅनबेरीवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष त्याला लावता येत नाहीत.

बाजारात निव्वळ क्रॅनबेरीपेक्षा मिश्र पुड्याच अधिक खपतात. त्यांत बहुधा डी-मॅनोज ही साखर असते. ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर, रोज दोन ग्रॅम डी-मॅनोज सहा महिने देऊन केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. तेव्हा तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. काही पुड्यांत पोटॅशियम सायट्रेट असते, आणि ते निरुपद्रवी नाही: मूत्रपिंड अधू असलेल्यांनी, तसेच रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेतले तर रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. काहींत क जीवनसत्त्व असते. ते भरपूर पोटात गेले असेल तर लघवीत पट्टी बुडवून केल्या जाणाऱ्या तपासणीत रक्त, साखर आणि जंतूंची खूण चुकून ‘नाही’ अशी येऊ शकते, म्हणून तपासणीला जाताना आपण काय घेत आहोत ते सांगावे.

ज्या घराचा सुरुवातीला उल्लेख केला, तिथल्या काकूंच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि रक्त गोठू नये म्हणून त्या असेनोकुमारॉलची गोळी घेतात. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००३ मध्येच वॉरफेरिन हे त्याच जातीचे औषध घेणाऱ्यांना क्रॅनबेरीपासून सावध केले होते, कारण काही रुग्णांत दोन्ही एकत्र आल्यावर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या. नंतरच्या नियंत्रित अभ्यासांत माफक प्रमाणात असा परिणाम ठळकपणे दिसला नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. पण ज्यांचे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा; तो जितका मोठा तितका रक्तस्रावाचा धोका अधिक) अडीच ते साडेतीनच्या दरम्यान सांभाळावे लागते त्यांनी हा वाद स्वतःच्या अंगावर सोडवू नये. नोकरीत असताना अशीच एक बाई हिरड्यांतून रक्त येते म्हणून आली होती आणि तिचे आयएनआर ४.८ निघाले. ती महिनाभर क्रॅनबेरीचे सरबत पीत होती, आणि मधल्या आठवड्यात एक प्रतिजैविकही घेऊन झाले होते, जे स्वतःच आयएनआर वाढवते. दोष नेमका कोणाचा ते ठरले नाही. पण ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न त्या महिन्यात तिला कुणीही विचारला नव्हता, हे मात्र ठरले.

मुतखड्याचे म्हणाल तर आपला भाग त्यासाठी पुरेसा बदनाम आहे. २००१ मधील एका लहानशा अभ्यासात पाच निरोगी व्यक्तींना सात दिवस क्रॅनबेरीच्या गोळ्या दिल्यावर लघवीतील ऑक्झलेट, म्हणजे बरेचसे मुतखडे ज्यापासून बनतात ते द्रव्य, सरासरी ४३ टक्क्यांनी वाढले होते. पाचजणांवरून सिद्धांत मांडता येत नाही. तरीही ज्यांना ऑक्झलेटचा खडा होऊन गेला आहे त्यांनी नागपूरच्या उन्हाळ्यात ही गोळी सुरू करण्यापूर्वी मूत्ररोगतज्ज्ञांना विचारावे. ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांनी आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनीही तसेच.

हे सगळे पाहून ज्यांना ती घ्यायचीच आहे, त्यांनी ती रोज घ्यावी, कारण चिकटणे रोखण्याचा परिणाम साधारण दिवसभरात ओसरतो आणि आठवड्यातून दोनदा घेतलेल्या गोळीला अर्थ राहत नाही. पोट बिघडत असेल तर जेवणानंतर घ्यावी. सुरू केल्याची तारीख वहीत लिहावी, पुढच्या सहा महिन्यांत किती वेळा त्रास झाला तेही लिहावे, आणि फरक दिसत नसेल तर निःसंकोच बंद करावी. मध्ये संसर्ग झालाच तर गोळी वाढवू नये, तपासणी करावी. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम हा अधिक भक्कम उपाय उपलब्ध आहे, पण संकोचापोटी त्याविषयी विचारले जात नाही आणि त्या जागी रंगीत डबी येते.

पाण्याबद्दलही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवसाला एकूण दीड लिटरपेक्षा कमी द्रवपदार्थ पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर अधिक पाणी प्यायला लावल्यावर त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर उरलेल्या निम्म्यांना ३.२ वेळा, असे २०१८ च्या एका चाचणीत दिसले. म्हणजे क्रॅनबेरीपेक्षा सरस निकाल, आणि फुकट. पण सीताबर्डीत किंवा इतवारीत दिवसभर काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुली पाणी का पीत नाहीत, हे त्यांना विचारून पाहावे. स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे, हा प्रश्न त्यांच्या उत्तरात पहिल्यांदा येतो.

माझी आपल्याला विनंती एवढीच की, ते वाक्य जिथे छापले होते त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच टाइपात दुरुस्ती यावी. काकूंची डबी मी त्यांच्याकडून काढून घेतली आहे. मागच्या बाजूला पॅकचा आकडा नाही, आणि सील उघडले असल्याने दुकानदाराने ती परत घेतली नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माती
प्रतापनगर, नागपूर