बेळगावच्या उद्यमबागेतल्या पॅटर्न मिस्त्रींना, एकेका नगासाठी

आदरणीय मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

मीटरगेजच्या जुन्या मालडब्याला ॲक्सल बॉक्सची (ॲक्सलचं टोक ज्या तेलाच्या पेटीत फिरतं तिची) झाकणं, वायजी या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनाला ब्रेक ब्लॉक आणि एक नंबरप्लेट, एवढ्याच कामासाठी तुम्ही सागवानी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचे लाकडी नमुने, करून दिलेत. बेळगावात फौंड्र्यांना तोटा नाही. पण त्यांचं गणित एका पॅटर्नवर हजारांनी नग काढण्याचं असतं. चार नगांसाठी पॅटर्न करा, मोल्डिंगचा बॉक्स (वाळूच्या साच्याची चौकट) लावा, कोअर (पोकळीसाठी वाळूचा गाभा) ठोका आणि पुन्हा मशीनवर माप जुळवा, हे कुणालाच परवडत नाही. जुनी गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. इंजिनावर प्रेम करणारे पुष्कळ भेटतात, एक नग ओतून द्यायला तयार होणारा माणूस भेटत नाही. तुम्ही तयार झालात, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, त्याला कारण आहे. काम करताना तुम्ही जे समजावून सांगितलंत ते मिरज, घटप्रभा, लोंढा, हुबळीकडे जुने डबे जपणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठी मदत पहिल्याच वाक्यात झाली: "जुना नग वाळूत दाबू नका." शाबूत राहिलेलं एखादं झाकण पॅटर्न म्हणून वापरायचं आणि त्यावरून उरलेली ओतायची, हा उपाय सगळ्यांनाच सुचतो आणि तिथेच काम फसतं. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे मीटरला 10 मिमी. 250 मिमी रुंदीचं झाकण वाळूत दाबलं तर नवा नग 247.5 मिमीचा येतो. त्यात जुना नग गंजून, घासून आधीच बारीक झालेला असतो. दोन्ही तुटी मिळून झाकण बॉक्सच्या तोंडावर नीट बसत नाही, फटीतून पावसाचं पाणी आणि धूळ आत शिरते. डबा उभा असला तर जर्नलवर, म्हणजे ॲक्सलच्या बॉक्समधल्या गुळगुळीत टोकावर, खड्डे पडतात, चालता असला तर तेल खराब होऊन ॲक्सल तापतो.

म्हणून तुम्ही सगळी उपलब्ध झाकणं मागवलीत, कमीत कमी घासलेल्या जागांची मापं घेतलीत आणि पॅटर्न श्रिंकेज पट्टीवर (आकसण्याइतकी वाढवलेली मापपट्टी) आखलात. बिडाला एक टक्का, गनमेटलला (तांबं-कथलाचा मिश्रधातू) साधारण दीड, पोलादाला दोन. पट्टी बदलली नाही तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. जिथे मशीन लागणार तिथे 3 मिमी जादा. वाळूतून पॅटर्न सहज निघावा म्हणून उभ्या बाजूंना एक ते दोन अंशांचा उतार. बिजागरीच्या कानांतली भोकं ओतायची नाहीत, भरीव ठेवायची आणि मग ड्रिल करायची, हाही तुमचाच आग्रह. एवढ्या लहान भोकाचा कोअर सरकतो, मोडतो, आणि भोक तिरकं आलं की झाकण अर्धवट उघडतं. शिवाय भोकांचं अंतर नव्या नगावरून ठरवायचं नाही, प्रत्येक बॉक्सवर पत्र्याचा टेम्प्लेट ठेवून घ्यायचं, कारण कुठलेही दोन जुने बॉक्स तंतोतंत सारखे नसतात.

झाकणाच्या जाडीवरही तुम्ही ठाम राहिलात. वजन वाचवायला कडा बारीक केल्या तर पातळ बीड वाळूत झटकन थंड होतं, कडेला पांढरं आणि काचेसारखं कडक बनतं. त्यावर ड्रिल घसरतं, कानस चालत नाही आणि हातोडीचा एक ठोका बसला की कपचा उडतो. कडेलाही 6 मिमीच्या खाली जायचं नाही, आणि जाड कान जिथे पातळ पाठीला मिळतो तिथे कोपऱ्यात गोलाई ठेवायची, नाहीतर नेमकी त्याच जागी चीर जाते. ओतल्यावर मोल्डिंगचा बॉक्स लगेच फोडायचा नाही, रात्रभर वाळूतच थंड होऊ द्यायचा, हे मोल्डिंगवाल्या पोरांना तुम्ही कन्नडमधून समजावलंत आणि बॉक्सवर खडूनं लिहूनही ठेवलंत. झाकणं सरळ आली ती त्यामुळे.

आता झाकणांवरच्या ओतीव अक्षरांबद्दल. आपली मिरज-लोंढा लाइन मुळात सदर्न मराठा रेल्वेची. 1908 मध्ये ती मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. 1951 मध्ये दक्षिण रेल्वे, 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे. नव्वदच्या दशकात इथलं मीटरगेज ब्रॉडगेज झालं आणि 2003 पासून आपण दक्षिण पश्चिम रेल्वेत आहोत. जुन्या ओतीव भागावर कंपनीची आद्याक्षरं असली तर तो भाग कुठल्या काळातला ते ढोबळ मानानं कळतं. एकाच डब्यावर दोन काळांची झाकणं सापडली तर त्यात चूक काही नाही. कारखान्यात दुरुस्तीला गेलेल्या डब्याला हाताशी असलेला भाग लावत, आणि डबे आयुष्यभर तसेच धावत. सगळी झाकणं एकसारखी करून टाकणं म्हणजे डब्याचा इतिहास खरवडून काढणं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तुम्हाला ते लगेच पटलं. पॅटर्नवर अक्षरांची पट्टी स्क्रूनं बदलता येईल अशी केलीत, त्यामुळे एकाच लाकडात दोन्ही प्रकार निघाले. नव्या नगाच्या आतल्या बाजूला ओतल्याचं वर्ष उठवायची सूचनाही तुमचीच. पन्नास वर्षांनी कुणी झाकण उघडलं तर नवा भाग जुना म्हणून खपणार नाही.

बोल्टांचं थोडक्यात सांगतो. ब्रिटिश घडणीच्या या डब्यांवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असतात, 55 अंशांचे. आजचे मेट्रिक 60 अंशांचे. सहा सुती, म्हणजे पाऊण इंची स्टडला इंचाला 10 आटे असतात. एम 20 च्या नटाचा आटा 2.5 मिमीचा, म्हणजे जवळपास तेवढाच, त्यामुळे नट स्टडवर चढतो आणि माणूस फसतो. तो जवळपास एक मिलिमीटर ढिला असतो, नुसत्या आट्यांच्या टोकांवर लटकतो, आणि घट्ट केला की जुन्या स्टडचे आटे घेऊनच बाहेर येतो. पिच गेज (आटे मोजायची पट्टी) लावल्याशिवाय एकही नट चढवायचा नाही.

ब्रेक ब्लॉकमध्ये तुमची नजर कामी आली. वायजीचं चालकचाक नवं असताना 1,219 मिमी व्यासाचं, प्रवासी गाडीच्या वायपी इंजिनाचं 1,372. कागदावरून पॅटर्न करायचा तर 1,219 ची त्रिज्या, म्हणजे 609.5 मिमी, घेऊन कुणीही मोकळा होईल. पण चाकाचा टायर, म्हणजे बाहेरचं पोलादी कडं, लेथवर फिरवला की प्रत्येक वेळी व्यास कमी होतो. नव्या चाकाच्या गोलाईचा ब्लॉक घासलेल्या चाकाला फक्त मध्यभागी टेकतो, दोन्ही टोकं अधांतरी राहतात. उभ्या इंजिनाला ब्रेक मारायचे नसले तरी जाणकाराला ती फट लांबूनही दिसते. तुम्ही पातळ प्लायचा तुकडा चाकावर धरून, आखून, कापून, पुन्हा धरून गोलाई उचललीत आणि मगच लाकडाला रंधा लावलात. ब्लॉक साध्या राखाडी बिडाचाच हवा, पोलादी टायरपेक्षा मऊ. झिजायचं तर ब्लॉकनं, टायरनं नाही.

कॅसलरॉकवरून गोव्याकडे उतरणाऱ्या घाटात चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर अंतराला 1 मीटर उंची. तिथे काम केलेल्या गाड्यांचे ब्लॉक किती झिजत असतील याची कल्पना ज्याला आहे, त्याला या साध्या दिसणाऱ्या लोखंडाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

नंबरप्लेटला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ते योग्यच होतं. जुन्या प्लेटवर कागद ठेवून पेन्सिल घासून उठाव घेतला की अक्षरांचं वळण मिळतं. संगणकावरचा तयार फॉन्ट वापरला तर ती प्लेट कधीच खरी दिसत नाही. आकडा 8 किंवा 0 असला की पोटातली वाळू पॅटर्नबरोबर उचलली जाते आणि ओतल्यावर तिथे धातूचा गठ्ठा येतो. तुम्ही अक्षरांच्या कडांना पाच अंशांच्या आसपास उतार दिलात, आतल्या पोटांना त्याहून थोडा जास्त. पाटी 6 मिमीची, अक्षरं 3 मिमी उठावाची. पाटी त्याहून पातळ केली तर थंड होताना वाकते.

पितळ की बीड, यावरही तुमचा सल्ला मोलाचा ठरला. उघड्यावर उभ्या असलेल्या इंजिनावरचं पितळ भंगारात जातं. गेज, शिटी, तेलाच्या कुप्या, मेकरची पाटी, सगळ्यात आधी याच वस्तू नाहीशा होतात. म्हणून बाहेर लावायची प्रत बिडाची, आणि मूळ पितळी प्लेट छपराखाली, कुलपात. चित्तरंजनमधून शेवटची वायजी 1972 मध्ये बाहेर पडली. त्यानंतर खऱ्या प्लेटा कमीच होत जाणार, वाढणार नाहीत.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. फेटलिंगनंतर (नगाचे जादा तुकडे छाटल्यावर) चिकटलेली वाळू पूर्ण काढायची, शॉट ब्लास्ट (छऱ्यांच्या माऱ्यानं सफाई) करायचं आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर मारायचा. बेळगावच्या पावसाळी हवेत उघडं बीड एका रात्रीत तांबूस पडतं आणि त्यावर मारलेला महागातला रंगही पापुद्र्यानं निघतो.

आणि शेवटी पॅटर्नविषयी. तुम्ही ते आमच्याकडे सोपवलेत, मजुरीत त्यांची किंमत धरली नाहीत. मशीन लागणाऱ्या बाजूंना लाल, कोअर प्रिंटला (कोअर टेकायच्या जागांना) पिवळा, ही खूण तुम्ही करून दिलीच आहे. प्रत्येकाच्या पाठीवर भागाचं नाव, धातू आणि धरलेलं आकुंचन आम्ही रंगवून घेतलं आहे. शेलॅकचा हात दर उन्हाळ्यात द्यायचा, जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर आणि आडवे ठेवायचे, पावसाळ्याआधी अक्षरांच्या पट्ट्यांचे स्क्रू पाहायचे, हे सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे चालू आहे. मीटरगेजच्या डब्यासाठी ज्यांना झाकणं ओतून घ्यायची असतील त्यांनी पॅटर्न जरूर न्यावा. आपल्या बॉक्सचं माप आधी पडताळून पाहावं आणि काम झाल्यावर कोरडा पुसून परत आणावा. ओतलेल्या नगावर वर्षाचा आकडा मात्र बदलायला विसरू नये.

आपले ऋणी,
बेळगाव, खानापूर आणि मिरज परिसरातील मीटरगेजप्रेमी