कोरोना हा चार दिवसांचा ताप नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोरोना म्हणजे चार दिवसांचा ताप होता आणि नंतर जी माणसं पटापट गेली ती सगळी लशीमुळे, असं ठासून सांगणारं पत्र आपण काल चौकटीत छापलंत. सकाळी चहा घेताना ते मी थोरल्या भावाला वाचून दाखवत होतो. तो अर्ध्यातच उठून आत गेला. म्हणून हे लिहितोय.

2021 च्या मे महिन्यात आमच्या घरात पाचही जणांना कोरोना झाला. दादाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ऑक्सिजन 95 च्या खाली कधी गेला नाही. किटातल्या गोळ्या घेऊन तो खोलीत राहिला आणि दिवस भरल्यावर बाहेर आला. सगळे म्हणाले, माइल्ड होता, सुटलास. फक्त वास गेला तो परत आला नाही. खारा बांगडा तव्यावर करपून घरभर धूर झाला तरी शेजारच्या खोलीत बसलेल्या त्याला पत्ता नसायचा. जुलैपासून जिना चढताना छातीत धडधडायला लागलं. ज्या डॉक्टरांकडे आम्ही वर्षानुवर्षं जातो त्यांनी नाडीसुद्धा धरली नाही. अॅसिडिटी आहे, टेन्शन घेऊ नका, एवढंच. ईसीजीला दहा मिनिटं लागतात. तो काढला नाही.

10 सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. संध्याकाळची आरती चालू होती. दादा घुमट वाजवत होता, म्हणजे एका तोंडाला चामडं लावलेलं मातीचं वाद्य; मी बाजूला कांसाळे, म्हणजे झांजा घेऊन. तीस वर्षं आम्ही असेच बसतो. अचानक घुमटाचा आवाज बदलला. पाहिलं तर उजवा हात चामड्यावर पडत होता, पण मागचं तोंड उघडझाप करणारा डावा हात नुसता मांडीवर. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. ताल चुकला म्हणून! ते पाहणं मला आजही झोपू देत नाही. आरती संपली तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. सकाळपासून धावपळ झाली, दमलाय, झोपू दे, असं सगळ्यांचं मत पडलं. आम्ही त्याला झोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात नेला. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे तिथे कळलं. आमचे अकरा तास गेले होते. ईसीजीत दिसलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नव्हते, नुसते थरथरत होते. असं झालं की रक्त तिथे साचतं, त्याची गाठ होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. कोरोनामुळेच झालं असं लिहून देता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते मला मान्य आहे. पण कोरोना झाला होता का, हे विचारणारे ते पहिले डॉक्टर होते.

पत्रलेखकाने हेही वाचावं. हा विषाणू फुप्फुसावर थांबत नाही, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणतो आणि रक्त गोठायला लागतं. अमेरिकेत निवृत्त सैनिकांपैकी कोरोना झालेल्या दीड लाखाहून जास्त जणांची वर्षभराची माहिती 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. कोरोना न झालेल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 52 टक्क्यांनी, दादासारख्या अनियमित ठोक्यांचा 71 टक्क्यांनी जास्त. रुग्णालयात जावं न लागलेल्यांतही धोका वाढलेलाच होता. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 785 जणांच्या मेंदूच्या जुन्या-नव्या स्कॅनची तुलना झाली. संसर्ग झालेल्यांत वासाशी जोडलेले भाग जास्त आक्रसलेले निघाले, आणि त्यांतले बहुतेक जण माइल्डच होते.

लशीचे दुष्परिणाम नसतातच असं माझं म्हणणं नाही. पण आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 47 रुग्णालयांतून 18 ते 45 वयातले अचानक मृत्यू तपासले, तेव्हा लशीने धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. कोरोनासाठी दाखल व्हावं लागलेल्यांत मात्र वाढलेला होता. हे 2023 च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा मी आपल्याकडे पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत. कालच्या पत्राला चौकट मिळाली. असं का, याचं उत्तर मला हवं आहे.

आम्ही गोव्यातल्या वास्कोचे. 2020 च्या जूनमध्ये कोरोनामुळे आमच्याकडची मांगोर हिल ही वस्ती बंद झाली तेव्हा वास्कोचा म्हटलं की लोक चार पावलं मागे सरायचे. इतकी भीती होती, आणि आता तोच आजार साधा ताप?

जागेअभावी हे पत्र कापायचं असेल तर वरचे आकडे कापा. पण एवढं मोठ्या अक्षरात छापा: तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक दिसलं तर झोपवू नका, पाणी पाजू नका, 108 ला फोन करा. साडेचार तास असतात.

आपला,
एक वाचक, वास्को